थेरपीचा पाऊण तास आणि घरातला उरलेला दिवस

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे आईवडील फिजिओथेरपी विभागात आले की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "घरी किती वेळा व्यायाम करून घ्यायचे?" प्रश्न अगदी साहजिक आहे. टिटवाळ्याहून किंवा विरारहून पहाटे निघालेलं, लोकलच्या दिव्यांग डब्यात मुलाला मांडीवर सांभाळत परळला किंवा हाजी अलीला पोचलेलं माणूस परत जाताना काहीतरी नेमकं हातात घेऊन जाऊ पाहतं. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा, असं काही. लहान मुलांची फिजिओथेरपी करताना हा आकडा मी सहसा देत नाही. त्याऐवजी मीच विचारते, "दिवसभरातलं कुठलं काम तुम्हाला सगळ्यात जड जातं?" अंघोळ? भरवणं? कपडे घालणं? खरी सुरुवात तिथून होते. ती तिथूनच का होते, हे समजण्यासाठी आधी हा आजार थोडा समजून घ्यावा लागतो.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली सीपी, ही वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे येते. ही इजा गर्भात असताना, जन्माच्या सुमारास किंवा अगदी लहानपणी होते. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असणं, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं, वेळेवर उपचार न झालेली तीव्र कावीळ, मेंदूतला रक्तस्राव, मेंदूज्वर ही काही कारणं. कित्येकदा एकच असं कारण सापडतही नाही. जगभरात साधारणपणे हजार जन्मांमागे दोन-तीन मुलांना सीपी असते. गरोदरपणात ग्रहण पाहिलं म्हणून किंवा आईने अमुक खाल्लं म्हणून सीपी होत नाही. हे लिहावं लागतं, कारण घरातली बाई वर्षानुवर्षं हा ठपका घेऊन जगत असते आणि मनाने खचलेल्या माणसाकडून आपण रोजच्या चिकाटीची अपेक्षा करत असतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. सीपीच्या बहुसंख्य मुलांमध्ये स्नायूंत ताठरपणा असतो. हाडं उंचीबरोबर लांब होतात आणि ताठर स्नायूंची लांबी त्या वेगाने वाढत नाही. मग टाच जमिनीवरून उचलली जाते, गुडघे वाकलेले राहतात, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. म्हणून चौथ्या वर्षी बरं चालणारं मूल दहाव्या वर्षी वाकून चालायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, आपणच व्यायामात कमी पडलो. बहुतेक वेळा तसं नसतं. उंची झपाट्याने वाढण्याचा काळच या मुलांसाठी अवघड असतो.

सगळ्या मुलांची सीपी सारखी नसते. कोणाच्या दोन्ही पायांत ताठरपणा असतो, कोणाची एकच बाजू कमजोर असते, कोणाचे हातपाय आपोआप वळत-हलत राहतात, तर कोणाचा तोल जातो. मूल स्वतःहून किती हालचाल करू शकतं, यावरून पाच पातळ्या ठरवण्याची एक पद्धत १९९७ मध्ये कॅनडात तयार झाली. तिला जीएमएफसीएस म्हणतात. पहिल्या पातळीतलं मूल चालतं, धावतं, जिना चढतं. पाचव्या पातळीतल्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. आपल्या मुलाची पातळी कोणती, हे थेरपिस्टला सरळ विचारावं. आकडा ऐकायची भीती वाटते हे मी पाहिलंय. पण तो कळला की कुठे मेहनत घालायची आणि कुठे आत्ताच खुर्ची किंवा वॉकर आणायचा, हे ठरवता येतं.

"कधी चालेल?" या प्रश्नाचं उत्तरही यातच थोडंफार दडलेलं असतं. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागलेली बहुतेक मुलं पुढे चालतात, काही स्वतःची, काही वॉकर किंवा कुबड्या घेऊन. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ६५७ मुलांची वाढ काही वर्षं नोंदवली गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की बसणं, उभं राहणं, चालणं यांतली आपापली जी क्षमता असते तिचा सुमारे ९० टक्के भाग मुलं पाचव्या वर्षापर्यंत गाठतात, आणि जास्त गंभीर सीपी असलेली मुलं त्याहूनही लवकर. म्हणून पहिली वर्षं मोलाची. याचा अर्थ पाचव्या वर्षानंतर थेरपी संपली, असा मात्र काढू नये. तेव्हापासून कामाचं स्वरूप बदलतं: मिळवलेलं टिकवायचं, सांधे आखडू द्यायचे नाहीत, दम आणि ताकद वाढवायची.

आता व्यायामाकडे येऊ. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते मूल पाठीवर झोपलेलं आणि कोणीतरी त्याचे पाय वाकवतंय, सरळ करतंय. मूल रडतंय, आई डोकं धरून बसलीय. या प्रकारात मूल काहीच शिकत नाही. हालचाल दुसऱ्याने केली की मेंदूला ती स्वतःची म्हणून गवसत नाही. मेंदूत नव्या जोडण्या तयार होतात त्या मुलाने स्वतः केलेल्या, स्वतःला हव्या असलेल्या आणि पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांतून. चेंडूपर्यंत हात पोचवायचाय, बाबाच्या खिशातला मोबाईल काढायचाय, खिडकीशी उभं राहून खालची बस बघायचीय. मुलाला हवी असलेली गोष्ट समोर असेल तर त्याच्या हाताला वळण लागतं. गेल्या दोन दशकांत सीपीच्या उपचारांवर जे संशोधन झालं त्याचा रोख इकडेच आहे: ठरवलेलं काम, खऱ्या परिस्थितीत, मुलाच्या स्वतःच्या प्रयत्नाने. नुसतं हाताने ताणून दिलेल्या स्ट्रेचिंगचा टिकाऊ फायदा फारसा दिसलेला नाही.

यामागचं कारण सोपं आहे. काही मिनिटं ताणलेला स्नायू सोडला की परत होता तसा होतो. त्याची लांबी टिकवायची तर तो बराच वेळ ताणलेल्या स्थितीत राहावा लागतो. हे काम हातपाय योग्य स्थितीत धरून ठेवणारी स्प्लिंट, उभं राहण्याची फ्रेम, नीट बसवलेली खुर्ची आणि गरज पडली तर पायाला टप्प्याटप्प्याने घातलेलं प्लास्टर करतं. डॉक्टर ताठर स्नायू काही काळ ढिला करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवतात तेव्हाही हेच लक्षात ठेवावं. त्याचा परिणाम साधारण तीन महिने असतो आणि त्या काळात मूल नव्या हालचाली जितकं वापरेल तितका त्याचा उपयोग.

ताठर स्नायू झटक्याने ओढला तर तो आणखी घट्ट होतो, सावकाश हलवला तर ढिला पडायला वेळ मिळतो. घरी मालिश करणाऱ्या आजीला किंवा मावशीला हे आवर्जून सांगा. तेल लावून हळुवार चोळण्यात काही वाईट नाही. मुलाला बरं वाटतं, झोप लागते. पण बाळंतपणातल्या मालिशीसारखं हातपाय खेचून उलटसुलट घडी घालणं या मुलांना चालत नाही. जी मुलं कधी उभीच राहिलेली नसतात त्यांची हाडं ठिसूळ असतात, जोर लावला तर मोडू शकतात. मूल वेदनेने रडत असेल तर थांबायचं, आणि ते कुठे दुखतंय हे डॉक्टरांना दाखवायचं.

मग पालकांनी करायचं काय? २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी करायच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या) कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळकरी वयाच्या मुलांच्या पालकांनी थेरपिस्टबरोबर बसून काय साधायचंय ते ठरवलं, त्यानुसार सराव ठरवला आणि आठ आठवडे घरी केला. ज्यांना असा कार्यक्रम दिला नव्हता त्यांच्यापेक्षा या मुलांच्या कामात स्पष्ट सुधारणा दिसली. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वेळ. पालक एका वेळेला सरासरी वीस मिनिटांपेक्षाही कमी सराव घेत होते, आणि तोही रोज नाही. म्हणजे दोन दोन तासांच्या व्यायामाने घर वेठीला धरायची गरज नसते. काय साधायचंय ते मात्र नेमकं हवं. "पाय मोकळे करायचे" हे ध्येय होत नाही. "मोरीच्या कठड्याला धरून, दात घासून होईपर्यंत उभं राहायचं" हे होतं.

मुंबईतली घरं लहान असतात. इमारतीतली वन रूम किचन असो की चाळीतली खोली, तिथे व्यायामाची चटई पसरायलाही आधी भांडी सरकवावी लागतात. तरी अशा घरात थेरपीला लागणारं पुष्कळ काही असतं. दोन भिंतींचा कोपरा ही तोल न सावरणाऱ्या मुलाला बसवायची उत्तम जागा: पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार, समोर पाट किंवा छोटं स्टूल. पलंगाची कड धरून उभं राहता येतं. जिन्याचा कठडा तर रोजचा. मुलाचा एक हात कमजोर असेल तर स्वयंपाकघरासारखी जागा नाही, कारण तिथली बहुतेक कामं दोन हातांची. मटार सोलणं, मेथी निवडणं, डब्याचं झाकण उघडणं, लाटण्याने कणकेचा गोळा लाटणं. चांगला हात सगळं करून टाकतो आणि कमजोर हात मांडीवर पडून राहतो, तेव्हा काम असं द्यावं की एका हाताने ते होणारच नाही. पोळी नकाशासारखी झाली तरी चालेल. (लहान मुलाजवळ मटारचे दाणे, शेंगदाणे ठेवून उठू मात्र नका, घशात अडकतात.)

कपडे घालताना ज्या बाजूला त्रास आहे ती बाही आधी घालायची आणि काढताना ती शेवटी काढायची. मूल झोपलेलं असताना कपडे चढवण्यापेक्षा त्याला कमी उंचीच्या स्टुलावर बसवलं, पावलं जमिनीला टेकवली, तर तेवढ्या पाच मिनिटांत पाठ, मान, तोल सगळ्यांना काम मिळतं. कडेवर घेताना मांड्या मिटून, दोन्ही हातांवर आडवं उचलण्याऐवजी दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना फाकवून घ्यावं. आखडलेल्या मांड्यांना जाता-येता ताण मिळतो आणि मुलाला समोरचं जग दिसतं. भरवताना आडवं झोपवून भरवू नये. घास किंवा दूध श्वासनलिकेत जाऊन छातीचा संसर्ग होतो आणि सीपीच्या मुलांसाठी तो फार गंभीर ठरू शकतो. पाठ सरळ, मान किंचित पुढे, डोकं मागे टाकलेलं नको. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर ते थेरपिस्टला सांगाच.

गुडघे पुढे आणि पावलं बाहेरच्या बाजूला फेकून बसण्याची सवय या मुलांत खूप दिसते. घरचे सारखे ओरडतात, "पाय नीट घे." पण कित्येक मुलांना हात मोकळे ठेवून बसता येईल अशी तेवढी एकच बैठक जमते. ती काढून घ्यायची तर दुसरी द्यायला हवी: छोटं स्टूल, भिंतीला टेकून पाय लांब करून बसणं, थोडी उंच गादी. नुसत्या टोकण्याने खेळ थांबतो, बैठक सुधारत नाही.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम आहे वाट पाहणं. सीपी असलेल्या मुलाला "हात वर कर" म्हटल्यावर ते ऐकणं, समजणं, स्नायूंना निरोप पोचणं आणि हात हलणं या प्रत्येक पायरीला जास्त वेळ लागतो. आपण दोन सेकंद थांबतो आणि त्याचा हात धरून बाहीत घालतो. मायेनेच घालतो, शिवाय नऊ सत्तावीसची लोकल पकडायची असते. पण हे रोज दहा ठिकाणी घडलं की मूल प्रयत्न करणंच सोडतं, कारण दर वेळी कोणीतरी पुढे येऊन ते काम करून टाकतंच. म्हणून मी पालकांना सगळा दिवस मागत नाही. गाडीची, डब्याची, शाळेची घाई असते त्या वेळी मुलाचं सगळं तुम्हीच करा, खुशाल करा. दिवसातली एकच वेळ अशी निवडा की घाई नसेल. संध्याकाळी कपडे बदलणं घ्या. त्या वेळी सांगायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. हात थोडासाही हलला तरी उरलेली मदत करायची. काही आठवड्यांनी मदत किती कमी झाली, हे तुम्हालाच जाणवतं. नाही झाली, तर काम जास्त अवघड निवडलं गेलंय असं समजून थेरपिस्टबरोबर ते सोपं करून घ्यायचं.

आई ही आई राहिली पाहिजे, असं मला फार वाटतं. सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक खेळाचा व्यायाम झाला तर मुलाला आपलं घरही दवाखाना वाटायला लागतं आणि आईला आपण सतत परीक्षेला बसलोय असं वाटतं. विभागात येणाऱ्या दहा जणांत नऊ आया असतात, हे कोणालाही मोजल्याशिवाय दिसतं. बाबांनी थेरपीचा निदान एक भाग पूर्णपणे आपल्याकडे घ्यावा: स्प्लिंट घालणं, उभं करणं किंवा रविवारी बागेत नेणं. आजोबा, मोठी बहीण, शेजारची काकू यांनाही मुलाला कसं धरायचं ते शिकवता येतं. मूल वाढतं तशी उचलणाऱ्याची कंबर जाते. कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकून, मुलाला अंगाशी घेऊन उचलायचं, आणि थेरपिस्टकडून ते प्रत्यक्ष करून घ्यायचं. तुमची पाठ दुखते हे सांगायला संकोचू नका, तोही आमच्या कामाचाच भाग आहे.

स्प्लिंटबद्दल थोडं. ती कपाटात राहण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती टोचते. काढल्यावर वीस-तीस मिनिटांनंतरही लाल वण जात नसेल तर ती दुरुस्त करून घ्यायची, मुलाला "सहन कर" म्हणायचं नाही. पाऊल वाढलं की ती लहान होते, तेव्हा नवीच लागते. मुंबईच्या दमट हवेत आतून सुती मोजा घालणं बरं, आणि पावसाळ्यात तो कोरडा आहे ना ते बघणं.

आणखी एक गोष्ट घरात दिसत नाही, म्हणून राहून जाते: खुबा. सीपीच्या साधारण एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो. चांगलं चालणाऱ्या मुलांत हा धोका नगण्य, तर पाचव्या पातळीतल्या मुलांत तो सुमारे ९० टक्क्यांपर्यंत जातो. सुरुवातीला दुखत नाही, चालण्या-बसण्यात फरक कळत नाही, एक्स-रेमध्येच दिसतं. वेळेत कळलं तर लहान शस्त्रक्रियेवर निभावतं, उशीर झाला तर मोठी लागते. मूल तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी "खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा?" हे दर वर्षी विचारा. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडू लागली, तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका.

लांबून येणाऱ्यांनी थेरपिस्टशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलावी. पाऊण तासाच्या थेरपीसाठी चार तास प्रवास होत असेल तर आठवड्यातून तीनदा यायचा हट्ट कोणीच धरू नये. मूल थकून येतं आणि शिकायची ताकद कल्याण-दादरमध्येच संपते. फेऱ्या कमी करून घरचा कार्यक्रम पक्का करता येतो, मध्ये फोनवर विचारता येतं. येताना मुलाचा घरातला व्हिडिओ आणा: जेवताना, मोरीत, खेळताना. विभागात नव्या माणसांसमोर घाबरलेलं मूल जे दाखवत नाही ते त्या एका मिनिटात दिसतं.

पैशाचा प्रश्न खरा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं की रेल्वे सवलतीपासून पुढचे बरेच रस्ते उघडतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. परळचं वाडिया, केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं आणि हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था अनेक कुटुंबांना माहीत असतातच. याउलट जिथे पैसा घालू नये असं ठिकाण म्हणजे स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारांच्या जाहिराती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सीपीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही आणि संशोधनाबाहेर पैसे घेऊन तो देणं योग्य नाही. दागिने मोडून लाखो रुपये तिकडे गेले की नंतर स्प्लिंटलाही पैसे उरत नाहीत.

शाळा थेरपीसाठी सोडू नका. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, आज ती अडॅप्ट या नावाने ओळखली जाते. शिक्षण आणि उपचार एकाच छताखाली आणण्याचं काम तिथून सुरू झालं. वर्गात ठीक उंचीचं बाक, पावलांखाली आधार आणि मधल्या सुट्टीत मित्रांबरोबर वॉकर घेऊन फिरणं ही चांगली फिजिओथेरपी आहे.

मूल दहा-बारा वर्षांचं झालं की काय साधायचंय हे त्यालाच विचारायला लागा. आपल्याला वाटतं त्याने चालावं. त्याला कदाचित व्हीलचेअरवरून पटकन गल्लीत जाऊन मॅच बघायची असते, किंवा अंघोळ एकट्याला करायची असते, कारण आता लाज वाटू लागलेली असते. ते ऐका आणि कार्यक्रम त्याप्रमाणे बदलून घ्या. परीक्षेच्या महिन्यात, गावी गेल्यावर किंवा गणपतीत सराव थांबला तरी हरकत नाही. तेवढ्या दिवसांत स्प्लिंट मात्र चालू ठेवा आणि ठरलेला एक्स-रे पुढे ढकलू नका.